आपला हात जगन्नाथ, वाटीत तेल

जानेवारीत फरीदाबादमधलं मराठी घर ओळखायचं असेल तर गॅलरीकडे बघा. कठड्यावर उन्हाला ठेवलेली खोबरेल तेलाची निळी बाटली दिसली की खुशाल बेल दाबा, आतून मराठीतच 'कोण आहे?' ऐकू येण्याची शक्यता फार. खोबरेल साधारण २४-२५ अंशांच्या खाली थिजतं. दादरला किंवा रत्नागिरीला ही वेळ क्वचित येते. इथे हिवाळ्यात पारा रात्री ५-६ अंशांपर्यंत उतरतो, त्यामुळे दिवाळी सरल्यावर बाटली जी थिजते ती होळीच्या सुमारासच धड वाहायला लागते. शेजारच्यांच्या मोहरीच्या तेलाची पिवळी बाटली मात्र त्याच थंडीत मजेत खळखळत असते.

कारण सरळ आहे. खोबरेलात संपृक्त मेदाम्लांचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास. त्यांचे रेणू सरळसोट, एकमेकांना चिकटून पटकन घट्ट बसणारे. मोहरीच्या आणि तिळाच्या तेलात असंपृक्त मेदाम्लं जास्त. त्यांचे रेणू मध्येच वाकलेले असल्यामुळे नीट रचून बसत नाहीत, आणि पारा शून्याखाली गेल्याशिवाय ती तेलं थिजत नाहीत. म्हणून महाराष्ट्रातून इकडे आलेल्यांना माझा पहिला आग्रह असा की, पत्ता बदलला तसं अंगाला लावायचं तेलही बदला. खोबरेल उन्हाळ्यासाठी ठेवा, थंडीत तिळाचं घ्या.

आणि रोज लावा. स्वतःच्या हाताने अंगाला तेल चोळणं आपण नरक चतुर्दशीच्या एका पहाटेवर ढकलून मोकळे झालो आहोत. मालिश म्हणजे कुणीतरी करून द्यायची चैन, असा समज त्यातूनच आला असावा. आपला स्वतःचा हात हा मालिशवाल्याच्या हातापेक्षा वेगळा असतो, कमी नसतो. ते का, हे पुढे येईलच.

मोहरीची ऊब येते कुठून?

इथल्या कुठल्याही दुकानात नुसतं 'मालिश का तेल' म्हणालात तर दुकानदार न विचारता सरसोंची बाटली काढतो. हरियाणा हे मोहरी पिकवणाऱ्या आघाडीच्या राज्यांपैकी एक. हिवाळ्यात शहराबाहेर पडलात की पिवळी शेतं लागतात. कच्च्या घाणीच्या या तेलाने अंग गरम होतं असा सगळ्यांचा अनुभव. गंमत अशी की तेल स्वतः तसूभरही गरम नसतं. मोहरी भरडली जाताना तिच्यातल्या दोन घटकांची गाठ पडते आणि अ‍ॅलिल आयसोथायोसायनेट नावाचं तिखट रसायन तयार होतं. त्वचेतल्या मज्जातंतूंवर टीआरपीए-१ नावाचा एक ग्राहक असतो, तो या रसायनाने चेतवला जातो. जपानी वसाबी खाल्ल्यावर नाकात जो झणका बसतो तोही याच ग्राहकाचा प्रताप. सौम्य चुरचुर, थोडं जास्त रक्त त्वचेकडे आणि मेंदूला निरोप: ऊब आली!

ज्यांची त्वचा नाजूक आहे, खाज किंवा एक्झिमा आहे, त्यांना हीच चुरचुर महागात पडते. आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन थेंब लावून दिवसभर थांबा. लाल झालं नाही तरच पुढे जा.

एक जुनी आठवण या परिसरातल्या वडीलधाऱ्यांना अजून आहे. १९९८ च्या पावसाळ्यात दिल्लीत पाय सुजून, धाप लागून माणसं रुग्णालयात येऊ लागली. मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलेलं निघालं. या बिया दिसायला मोहरीसारख्याच. साठांहून अधिक माणसं गेली आणि काही काळ दिल्लीत मोहरीच्या तेलाच्या विक्रीवरच बंदी आली. मालिशीपुरतं का होईना, सुटं तेल घेऊ नये. सीलबंद आणि अ‍ॅगमार्क असलेलंच घ्यावं.

तिळाची बाजू मी एवढी उचलून धरते त्याला आणखी एक आधार आहे. २००० साली 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये १२५ तान्ह्या बाळांवरचा एक अभ्यास छापून आला. चार आठवडे रोज मालिश, वेगवेगळ्या गटांना वेगवेगळी तेलं: मोहरी, तीळ, वनौषधींचं तेल, खनिज तेल. बाळांची वाढ आणि मालिशीनंतरची झोप या दोन्हीत तिळाने बाजी मारली. आपल्याकडे बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या बायकांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

आसाला वंगण

फरीदाबाद हे यंत्रांचं शहर. ट्रॅक्टरच्या कारखान्यावरून इथल्या एका मेट्रो स्टेशनचं नाव 'एस्कॉर्ट्स मुजेसर' आहे. आणि सेक्टर १३ मध्ये इंडियन ऑइलचं संशोधन केंद्र आहे, १९७२ पासूनचं. तिथे गाड्यांच्या आणि रेल्वे इंजिनांच्या वंगणांवर काम चालतं. कुठल्या आसाला कुठलं तेल, किती दाट, किती तापमानाला, याचा काथ्याकूट करणारी माणसं याच शहरात राहतात.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, अभ्यंगाचं महत्त्व सांगताना आचार्यांनी दिलेला दाखला या शहराला चपखल बसतो. तेल चोळलेला मातीचा घडा, तेल मुरवलेलं चामडं आणि वंगण घातलेला गाडीचा आस जसा मजबूत होतो आणि घर्षण सोसतो, तसं शरीर अभ्यंगाने होतं, असं ते म्हणतात. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या दुसऱ्या अध्यायात, म्हणजे दिनचर्येत, रोज अभ्यंग करायला सांगितलं आणि पुढे जोडलं: डोकं, कान आणि तळपाय यांना विशेष करून लावा. घाईतल्या माणसाला तेवढ्यावरही भागवता येईल.

सुश्रुतावरच्या डल्हणाच्या टीकेत तर वेळापत्रकच सापडतं. ३०० मात्रांत तेल केसांच्या मुळाशी, ४०० त त्वचेत, मग रक्त, मांस, मेद, हाडं असं करत ९०० मात्रांना मज्जेत. मात्रा म्हणजे साधारण पापणी लवायला लागतो तेवढा क्षण, म्हणजे हा सगळा प्रवास काही मिनिटांचा. आजची उपकरणं वेगळं सांगतात. वनस्पतीतेल बहुतांशी त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरातच राहतं, आणि हा थर बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका पातळ. तेल हाडात जिरत नाही. पण त्या थरातच सगळा खेळ आहे! पेशींच्या फटी तेलाने बुजल्या की आतलं पाणी बाहेर उडत नाही. इकडची हिवाळी हवा आणि खोलीतला हीटर त्वचेचं पाणी शोषून घ्यायला टपलेलेच असतात. स्नायूंना जो आराम मिळतो तो हाताच्या दाबाने. तेल हाताला घसरायला मदत करतं. डल्हणाचे आकडे मी आता वेगळ्या कामाला लावते: एका जागी किती वेळ चोळायचं याचा तो उत्तम अंदाज आहे.

आपली आपल्याला गुदगुली का होत नाही

कारण मेंदूला आधीच ठाऊक असतं. आपण हात हलवतो तेव्हा लहान मेंदू त्या स्पर्शाचा अंदाज आधीच बांधून ठेवतो आणि आलेल्या संवेदनेतून तेवढी वजा करतो. लंडनच्या सेरा-जेन ब्लेकमोर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मेंदूची चित्रं काढून हे दाखवलं. पुढे २०१९ मध्ये स्वीडनमधल्या लिनशोपिंगच्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट पाहिली. दुसऱ्याने हात कुरवाळला तर मेंदूतले कितीतरी भाग जागे होतात, स्वतःचा स्वतः कुरवाळला तर तेच भाग शांत होतात.

हे वाचून कुणी म्हणेल, झालं, मग स्वतः मालिश करण्यात काय राम! मला उलट वाटतं. ओळखीचा स्पर्श म्हणून मेंदू सावध होत नाही, अंग चोरून घेत नाही. अनोळखी हाताखाली खांदे आवळले जाणारे पुष्कळ लोक असतात, स्त्रिया तर विशेष. शिवाय कुठे दुखतंय, किती दाबलं की बरं वाटतं आणि कुठल्या क्षणी थांबायचं, हे ज्या हाताला त्याच क्षणी कळतं असा हात जगात एकच आहे.

त्वचेत आणखी एक व्यवस्था आहे. बारीक लव असलेल्या त्वचेत, म्हणजे हातापायांवर, पाठीवर, चेहऱ्यावर, काही अगदी संथ मज्जातंतू असतात. काटा टोचला, चटका बसला ही खबर देणं त्यांचं काम नव्हे. ते हळुवार कुरवाळण्यालाच प्रतिसाद देतात, तेही ठरावीक वेगाला: सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर. त्याहून भरभर किंवा त्याहून सावकाश हात फिरवला तर त्यांचं बोलणं कमी होतं. २००९ मध्ये 'नेचर न्यूरोसायन्स'मध्ये हे प्रसिद्ध झालं. ज्या वेगाला हे तंतू सर्वांत जास्त बोलतात, त्याच वेगाचा स्पर्श माणसांना सर्वांत सुखाचा वाटतो. लगेच करून बघा. मनगटापासून कोपरापर्यंत अंतर साधारण पंचवीस सेंटिमीटर. तळवा टेकवा आणि पाच सेकंदांत कोपर गाठा. आपण आंघोळीआधी घाईघाईत जे तेल फासतो ते याच्या कितीतरी पट वेगाने, हे लगेच लक्षात येईल.

आणि ज्यांना तेवढाही वेळ नाही त्यांच्यासाठी वीस सेकंदांची गोष्ट. २०२१ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये १५९ जणांना मुद्दाम ताण दिला गेला: परीक्षकांपुढे भाषण आणि तोंडी गणितं. त्याआधी काहींना कुणीतरी मिठी मारली, काहींनी स्वतःचाच एक हात छातीवर आणि दुसरा पोटावर वीस सेकंद ठेवला आणि त्या स्पर्शाकडे, श्वासाकडे लक्ष दिलं. ताणाचं संप्रेरक कॉर्टिसॉल दोन्ही गटांत इतरांपेक्षा कमी राहिलं. हृदयाचे ठोके मात्र सगळ्यांचेच तेवढे वाढले. ना तेल, ना चटई, ना खर्च. मुलाखतीआधी, निकालाआधी, बॉसच्या खोलीत जाण्याआधी एवढं तर कुणालाही जमेल.

काशाची वाटी आणि काळे तळवे

बाटा चौक हे फरीदाबादचं आणखी एक मेट्रो स्टेशन, बुटांच्या कारखान्यावरून नाव पडलेलं. पायांची आठवण करून द्यायला याहून योग्य थांबा नाही.

तळपायांची एक अडचण कुणी फारशी सांगत नाही. तळहात आणि तळपाय सोडले तर जवळजवळ सगळ्या अंगावर त्वचेचं स्वतःचं तेल पाझरवणाऱ्या ग्रंथी असतात. या दोनच मोठ्या जागा कोरड्या. घामाच्या ग्रंथी मात्र तिथेच सर्वांत दाट. म्हणजे पाणी जातं आणि ते अडवायला तेल नाही. टाचा सर्वांत आधी भेगाळतात त्या यामुळे. वाग्भटाने डोक्याच्या आणि कानाच्या जोडीला तळपाय का निवडले असतील, याचं एक उत्तर इथे मिळतं.

आता वाटी. काशाच्या वाटीने तळपायाला तूप किंवा तेल चोळणं ही महाराष्ट्रातली घरोघरची रीत, आणि अलीकडे ती पुन्हा बाजारात आली आहे. कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण ७८ आणि २२ या प्रमाणात. खोलगट वाटी पालथी धरायची, तळव्याच्या खळग्यात टेकवायची आणि टाचेकडून बोटांकडे गोल गोल फिरवत न्यायची. धातू आधी गार लागतो, दहा-बारा फेऱ्यांत अंगाइतका होतो, हळूहळू वाटी जड वाटायला लागते आणि तूप करडं होत जातं. थोड्या वेळाने तळवा काळाभोर! 'अंगातली उष्णता बाहेर पडली,' असं घरात म्हणतात. काळेपणा येतो तो धातूचा. घासण्याने सुटलेले बारीक कण आणि तांब्याची घामातल्या, तुपातल्या आम्लांशी होणारी क्रिया, दोन्ही मिळून तो रंग. तापट माणसाचा पाय जास्त काळा होतो यालाही आधार नाही. ज्याला घाम जास्त त्याचा जास्त होऊ शकतो. रंगाचं कारण कळल्याने सुख कमी होत नाही. एका पावलात २६ हाडं असतात आणि दिवसभराचा सगळा भार त्यांच्यावर. वाटीची गोलाई त्यांच्या कमानीत अशी बसते की तिथपर्यंत अंगठा तेवढा सारखा दाब देऊच शकत नाही.

झोपेआधी हे केलं तर दुहेरी फायदा. १९९९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या शास्त्रज्ञांनी 'नेचर'मध्ये लिहिलं की, हातपाय उबदार असले की झोप लवकर लागते. पायांच्या रक्तवाहिन्या रुंदावल्या की गाभ्यातली उष्णता तिथून बाहेर पडते, शरीराचं आतलं तापमान किंचित उतरतं आणि झोपेला तेच हवं असतं. म्हणजे 'उष्णता बाहेर पडते' हे आजीचं म्हणणं अगदीच वाऱ्यावरचं नव्हतं, फक्त ती काळ्या रंगात उमटत नाही. इथल्या थंडीत मात्र वाटी फिरवून झाली की पाय पुसा आणि लगेच सुती मोजे चढवा. तेलकट पायाने लादीवर चालणं म्हणजे कंबर मोडून घेण्याला आमंत्रण.

फेब्रुवारीत इथल्या सूरजकुंडचा हस्तकला मेळा भरतो, १९८७ पासून. दिवसभर तिथे पायपीट करून आलेल्या माणसाने त्या रात्री वाटी काढावीच.

चंपी

'प्यासा' (१९५७) मधला जॉनी वॉकरचा तेलमालिशवाला ठाऊक नाही असा माणूस विरळा. त्याच्याही जवळजवळ दीडशे वर्षं आधी आपली चंपी साता समुद्रापार गेली होती. पाटण्यात १७५९ साली जन्मलेल्या शेख दीन मोहम्मद यांनी इंग्लंडमधल्या ब्रायटनला बाष्पस्नान आणि मालिशीचं केंद्र काढलं, १८२२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं आणि चौथा जॉर्ज व चौथा विल्यम या दोन राजांची सेवा केली.

चंपीसाठी खोबरेलाला मात्र तोड नाही, थिजलं असलं तरी कोमट करून घ्या. मुंबईत मॅरिकोच्या प्रयोगशाळेत आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल केसांवर लावून तुलना केली. २००३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. धुताना, विंचरताना केसांतली प्रथिनं झिजतात. ती झीज रोखली एकट्या खोबरेलाने. त्यातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ असल्याने केसाच्या आत शिरतं. ज्या सरळ रेणूंमुळे बाटली थिजते, तेच केसाला उपयोगी पडतात! कंपनी खोबरेल विकणारी, हे ध्यानात ठेवायला हवं. पण रेणूचं गणित पटण्यासारखं आहे.

मालिशीने केस वाढतात का? २०१६ मध्ये जपानमध्ये नऊ पुरुषांनी रोज चार मिनिटं, चोवीस आठवडे डोक्याला यंत्राने मालिश करून घेतलं. केस थोडे जाड झाले, संख्येने वाढले नाहीत. नऊच माणसं, त्यामुळे फार उड्या मारू नयेत.

डोकेदुखीवर मात्र बोटं खरंच कामाला येतात. कानाच्या वर, कानशिलावर बोटं ठेवा आणि दाढा आवळा. बोटांखाली काहीतरी फुगल्यासारखं लागेल. तो चावण्याचा स्नायू आहे, आणि तो पंख्यासारखा पसरत पार डोक्याच्या बाजूला गेलेला असतो. थंडीत किंवा काळजीत आपण नकळत दात आवळून बसतो आणि दुखतं डोकं. चंपी करणाऱ्याचं लक्ष टाळूवर असतं. खरी गाठ कानशिलावर आणि मानेच्या वर, कवटीच्या काठाखाली असते. चार-पाच किलोंचं डोकं मोबाइलवर वाकवून दिल्लीपर्यंत मेट्रोने जाणाऱ्यांनी या दोन जागा पाठ करून ठेवाव्यात.

तालमीतलं अंगमर्दन

हरियाणा आणि कोल्हापूर यांचं नातं मातीचं. दिल्लीच्या सतपालांशी युवराज पाटील आणि हरिश्चंद्र बिराजदार यांच्या झालेल्या लढती कोल्हापुरात अजून सांगितल्या जातात. आणि शाहू महाराजांनी बांधलेल्या, १९१२ मध्ये पुऱ्या झालेल्या खासबाग मैदानात उत्तरेचे मल्ल कितीदा तरी उतरले आहेत. दोन्हीकडे हौद्याच्या मातीत हळद, तेल, ताक मिसळलं जातं आणि दोन्हीकडे मेहनत झाली की अंग रगडणं हा मेहनतीचाच भाग मानला जातो, नंतरची चैन नव्हे.

व्यायामानंतर मालिश केलं की 'लॅक्टिक अ‍ॅसिड निघून जातं' हे जिममध्ये रोज ऐकू येतं. ते खरं नाही. ते आपलं आपणच तासाभरात रक्तातून साफ होतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा ठणका त्याचा नसतोच. तो स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेचा असतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात अकरा तरुणांना सायकलवर दमवलं, मग प्रत्येकाच्या एकाच पायाला दहा मिनिटं मालिश केलं आणि दोन्ही मांड्यांतल्या स्नायूंचे बारीक तुकडे काढून तपासले. २०१२ च्या त्या अभ्यासात मालिश केलेल्या पायात दाह वाढवणारे संदेश कमी आणि पेशींची ऊर्जाकेंद्रं वाढवणारे संदेश जास्त आढळले. लॅक्टिक अ‍ॅसिडमध्ये फरक शून्य. म्हणजे पैलवान बरोबर होते, कारण तेवढं चुकीचं सांगितलं जात होतं.

घरी करायचं तर पोळपाटाची सोबत सोडून लाटणं घ्या. खुर्चीत बसा, पोटरीवर घोट्याकडून गुडघ्याकडे लाटा. पायातल्या शिरांना वरच्या दिशेनेच उघडणाऱ्या झडपा असतात, म्हणून दिशा ही. पाठीसाठी भिंत आणि टेनिसचा बॉल पुरतो. मणक्यावर नको, त्याच्या बाजूच्या मांसल भागावर.

पोटाचीही दिशा ठरलेली आहे. मोठं आतडं उजवीकडून वर चढतं, बरगड्यांखालून आडवं जातं आणि डावीकडून उतरतं. हात त्याच वाटेने गोल फिरवा, जेवणानंतर लगेच मात्र नाही. बद्धकोष्ठाला याने आराम पडतो.

तेलवण, बान आणि जड पाणी

हरियाणातल्या लग्नघरात जायचा योग आला तर 'बान' चुकवू नका. नवऱ्यामुलाला किंवा मुलीला पाटावर बसवून हळद, पीठ आणि तेल यांचा 'बटणा' चोळतात, तेल 'चढवतात' आणि पुढे विधीने 'उतरवतात'. आपल्याकडचं तेलवण आणि हळद आठवल्याशिवाय राहत नाही. आपल्या उटण्यात आंबेहळद, नागरमोथा, कचोरा, वाळा असा सुवासिक ऐवज जास्त. यांच्या बटण्यात बेसन आणि मोहरीचं तेल. हेतू एकच, चोळून चोळून अंग उजळवणं. मेंदीतही तेल आहेच. फरीदाबादची मेंदी पूर्वीपासून नावाजलेली. करवा चौथच्या आदल्या रात्री हात रंगवले की वाळलेली मेंदी खरवडून मोहरीचं तेल चोळायचं, पाणी लावायचं नाही, रंग गडद होतो.

बेसनाचं आणखी एक महत्त्व इथे आल्यावर कळतं. फरीदाबादचं बोअरचं पाणी जड. साबण लावावा तर फेसच येत नाही. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतं, त्याचा चिकट साका होतो आणि तो तेलासकट अंगावरच बसतो. मालिश करून अंग चिकट राहतं अशी तक्रार करणाऱ्यांची खरी तक्रार पाण्याशी असते. बेसनाला या क्षारांचं सोयरसुतक नाही. ते कोरडंच तेलावर चोळलं की जादा तेल शोषून गोळ्या होऊन गळून पडतं, त्वचेला हवं तेवढं मागे राहतं. मग नुसतं कोमट पाणी.

इथे हात लावू नका

गळ्याच्या दोन्ही बाजूंना जिथे नाडी लागते, तिथे दाबायचं नाही. रक्तदाब मोजणारी जागा तिथे आहे. दाब पडला की ठोके मंदावून चक्कर येऊ शकते. मिटलेल्या डोळ्यांवरही जोर नको, तिथल्या दाबानेही हृदयाची गती उतरते. भुवईच्या हाडावर खुशाल दाबा. मान कडाकडा मोडून घेणं तर बंदच करा. २०१७ मध्ये दिल्ली परिसरातल्या एका माणसाची बातमी आली होती: न्हाव्याकडे मान मोडून घेतली, श्वासपटलाकडे जाणाऱ्या नसेला इजा झाली आणि श्वास घेणं कठीण झालं.

एकच पोटरी सुजली, गरम लागते आणि दुखते, तर ती चोळू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते. तडक डॉक्टर गाठा. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी तेल किती गरम आहे ते पायाला विचारू नये, मनगटाला विचारावं. ताप असताना, अपचन झालं असताना अभ्यंग नको, हे आयुर्वेदात जुन्या काळापासून चालत आलेलं पथ्य आहे.

आणि तो टॉवेल

तेल पुसलेले टॉवेल बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ड्रायरमधून काढून गरम गरम घडीही घालू नका. असंपृक्त तेलं हवेतला ऑक्सिजन घेताना उष्णता सोडतात. कापड दुमडलेलं असेल तर ती उष्णता आत कोंडून वाढत जाते, आणि कपडे धुण्याच्या व्यवसायात, स्पामध्ये अशा टॉवेलांनी आपोआप पेट घेतल्याच्या घटना घडलेल्या आहेत. घरच्या दोन टॉवेलांचं तसं होण्याची शक्यता कमी, पण सवय चांगली असावी. मालिशीचा टॉवेल वेगळा ठेवा, गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवा आणि गच्चीवर दोरीवर पसरून वाळवा.